रेणूभर जाडीचा थर धातू वाचवतो, मग जाड रंगाखाली ग्रिल का गंजते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही रसायनशास्त्रात एम.एस्सी. करताय आणि माहीमला समुद्राजवळ राहता. वर्गात शिकवलं की तांब्यावर लांब साखळीच्या थायोलचा (एका टोकाला गंधक असलेल्या सेंद्रिय रेणूचा) एकेरी थर बसवला, तर जेमतेम दोन नॅनोमीटर जाडीचा तो पापुद्रा तांब्याचं हवेतलं ऑक्सिडीकरण बरंच मंदावतो. घरी मात्र खिडकीच्या ग्रिलवर शंभरेक मायक्रॉन ऑइल पेंट आहे, म्हणजे त्याच्या पन्नास हजार पट जाड, तरी दर पावसाळ्यानंतर तांबूस ओघळ भिंतीवर उतरतातच. ऑक्सिजनचा रेणू ०.३५ नॅनोमीटरच्या आसपास. तो दोन नॅनोमीटरला अडतो आणि शंभर मायक्रॉनमधून बिनदिक्कत जातो, हे कसं?

मी ठाणे-बेलापूर आणि तळोजा पट्ट्यातल्या कारखान्यांत कूलिंग टॉवर आणि बॉयलरच्या पाण्याचं काम करते. असे पापुद्रे नव्याने बनवणं हे माझं काम नाही. बनलेले पापुद्रे पाइपच्या आत टिकवणं हे आहे. त्यामुळे उत्तर थोडं कारखान्याच्या अंगाने जाईल. तुमच्या ग्रिलबद्दल मी जे म्हणेन ते ग्रिल कुठल्या दिशेला आहे, लोखंड साधं आहे की गॅल्व्हनाइज्ड, आणि आधीचा रंग कसा खरवडला होता, यावर बरंच अवलंबून आहे. तेवढं धरून वाचा.

प्रश्नात एक गृहीतक लपलंय, ते आधी बाहेर काढू. तुम्ही थराकडे भिंत म्हणून बघताय: भिंत जाड तर अडवणार, पातळ तर सोडणार. सेंद्रिय पापुद्रा असं काम करत नाही. तो अभिक्रियेच्या साखळीतली एखादी पायरी अवघड करतो. ती पायरी मुळातच सगळ्यांत संथ असेल, किंवा पापुद्र्यामुळे सगळ्यांत संथ झाली, तरच आपल्याला फरक दिसतो. बाकी वेळी पापुद्रा असूनही नसल्यासारखा. म्हणून मी कुठल्याही थराबद्दल पहिल्यांदा हे विचारते की नेमकं कोण आत जाऊ नये असं आपल्याला हवंय: पाण्याचा रेणू, ऑक्सिजन, की क्लोराइड आयन? तिघांची उत्तरं पार वेगळी येतात.

धातू क्षणभर बाजूला ठेवू, कारण तिथे एकाच वेळी फार गोष्टी चालतात. सगळ्यांत स्वच्छ उदाहरण तळ्यावरच्या बाष्पीभवनाचं. तिथे एकच रेणू, पाण्याचा, आणि एकच काम, बाहेर पडायचं.

पाण्यावर तेल किती पातळ पसरतं याची नोंद बेंजामिन फ्रँकलिनने १७७४ साली छापली. लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल टाकलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. आजच्या पाच मिलीलीटरच्या चमच्याने भागाकार केला तर जाडी अडीच नॅनोमीटर येते, म्हणजे एका रेणूची उंची. फ्रँकलिनने तो भागाकार केला नाही. त्या काळी रेणूचं माप काढण्याचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. पुढे अ‍ॅग्नेस पॉकेल्सने घरातल्या साध्या साधनांनी पाण्यावरचे असे थर दाबून मोजले, तिचं काम १८९१ मध्ये छापून आलं, आणि १९१७ मध्ये अर्व्हिंग लँगम्यूरने दाखवून दिलं की हे रेणू पाण्यावर उभे राहतात: डोकं पाण्यात, शेपटी हवेत.

मग स्वाभाविक प्रश्न आला की असा थर बाष्पीभवन थांबवेल का. लँगम्यूर आणि शेफर यांनी १९४३ मध्ये त्याचं नीट मोजमाप मांडलं. पापुद्र्याचा विरोध सेकंद प्रति सेंटिमीटर या एककात देतात. सोळा-अठरा कार्बनच्या अल्कोहोलचा घट्ट दाबलेला थर साधारण दोनच्या आसपास विरोध देतो. हा आकडा मोठा की छोटा? हवेशी तुलना करून बघा. पाण्याच्या वाफेचा हवेतला विसरणांक (रेणू किती वेगाने पसरतात त्याचं माप) सेकंदाला ०.२५ चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे अर्धा सेंटिमीटर स्तब्ध हवेचा विरोधही तेवढाच, दोन सेकंद प्रति सेंटिमीटर. दोन नॅनोमीटरचा एक थर अर्ध्या सेंटिमीटर स्तब्ध हवेइतकं काम करतो. मला स्वतःला या विषयातला हा सगळ्यांत आवडता आकडा वाटतो, कारण पापुद्र्याचं सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही त्यात आहेत.

मर्यादा अशी. बरणीत खोलवर पाणी असेल आणि वर दहा सेंटिमीटर स्तब्ध हवा असेल, तर हवेचाच विरोध चाळीस आहे. त्यात पापुद्र्याचे दोन मिळवले तर बेचाळीस. कुणाला कळणारही नाही. पण वाऱ्याने पाण्यावरची स्तब्ध हवा दोन-तीन मिलिमीटरवर आणून ठेवली असेल तर हवेचा विरोध एकच्या आसपास येतो, आणि पापुद्र्याचे दोन एकदम भारी पडतात. रोध एकापुढे एक जोडले की मोठा तो ठरवतो, हे तुम्ही बारावीत विजेच्या धड्यात केलंय, इथे तेच.

आता कोणी म्हणेल, मग मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा, भातसा, वैतरणेच्या तलावांवर एवढं अल्कोहोल पसरून टाका की. या विचारावर खरोखरच खूप काम झालं, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही झालं. अडचण अशी की जो वारा पापुद्र्याला महत्त्व देतो, तोच वारा त्याला एका काठावर लोटून देतो. लाटा आल्या की थर फाटतो, सूक्ष्मजीव त्याला खातात, आणि पुन्हा पुन्हा टाकत राहावं लागतं. पातळ थराला सतत पोसावं लागतं. ही गोष्ट पुढे पाइपमध्येही भेटणार आहे.

त्याच तळ्यावर ऑक्सिजनचं काय होतं ते बघा. पापुद्रा टाकल्यावर मासे गुदमरत नाहीत. कारण हवेतून पाण्यात शिरताना ऑक्सिजनची खरी कोंडी पृष्ठभागाखालच्या न ढवळलेल्या पाण्याच्या थरात होते. द्रवात विसरण हवेच्या मानाने हजारो पट संथ असतं. तिथे विरोध शेकड्यांत असतो. एकच थर, एकच तळं, पण पाण्याच्या वाफेला तो भारी आणि ऑक्सिजनसाठी किरकोळ. (पापुद्र्याने बारीक लहरी दबतात, त्यामुळे पाणी कमी ढवळलं जातं आणि ऑक्सिजनचं शिरणं थोडं घटतं, हे खरं. पण तो परिणाम लहरींच्या मार्फत होतो. ऑक्सिजनच्या रेणूला पापुद्र्याने हात लावलेला नाही.)

दुसरी बाब रचनेची, आणि तुमच्या थायोलच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यात आहे. अठरा कार्बनचं सरळ साखळीचं अल्कोहोल घ्या आणि अठराच कार्बनचं ओलेइक आम्ल घ्या. उंची जवळपास सारखी. पहिलं बाष्पीभवन अडवतं, दुसरं जवळजवळ नाहीच. ओलेइक आम्लाच्या मधोमध एक सिस दुहेरी बंध असतो, तिथे साखळी वाकते. सरळ साखळ्या काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या उभ्या ठासून बसतात, रेणूमागे जेमतेम ०.२ चौरस नॅनोमीटर जागा. त्यातल्या काड्या मधोमध मोडल्या की पेटी भरलेली दिसली तरी आत जागाच जागा. पाण्याच्या रेणूला बाहेर पडायला दोन साखळ्यांमध्ये फट पाडावी लागते आणि त्यासाठी ऊर्जा लागते. प्रत्येक वाढीव CH₂ गटामागे ती ऊर्जा थोडी वाढते. म्हणून साखळीची लांबी वाढवली की विरोध लांबीच्या प्रमाणात न वाढता घातांकी वाढतो. साखळ्या सैल असतील तर ही सगळी कमाई जाते.

आणि छिद्रं. इथे आपली अंतःप्रेरणा हमखास दगा देते. पृष्ठभागाचा एक टक्का उघडा राहिला तर गळती एक टक्का होईल असं वाटतं. तसं होत नाही. ब्राउन आणि एस्कंब यांनी १९०० साली पानांवर काम करताना दाखवलं की छोट्या छिद्रातून होणारं विसरण क्षेत्रफळाच्या प्रमाणात नसतं, व्यासाच्या प्रमाणात असतं. पानावरच्या पर्णरंध्रांची तोंडं पानाच्या एक टक्क्याच्या आसपास जागा व्यापतात, तरी पान उघड्या पाण्याच्या तोडीस तोड वाफ सोडू शकतं. कारण छिद्राच्या कडेने रेणू सर्व बाजूंनी येतात. एक मोठं भोक पडलेलं परवडलं, तेवढ्याच क्षेत्रफळाची लाखो बारीक छिद्रं परवडत नाहीत. कोलंबिया विद्यापीठात ला मेर यांच्या गटाने एकेरी थरांवर काम करताना हेच पाहिलं: थर पसरवायला वापरलेल्या बेंझिनचा अंश मागे राहिला तरी विरोध घसरायचा. म्हणून जुन्या शोधनिबंधांत एकाच पदार्थाचे वेगवेगळे आकडे दिसतात. पदार्थ तोच, स्वच्छता वेगळी.

एक उलटं उदाहरणही देते, कारण विद्यार्थी ते सहसा ऐकत नाहीत. विस्कॉन्सिन विद्यापीठात गिल्बर्ट नेथन्सन यांच्या गटाने थंड गंधकाम्लाच्या पृष्ठभागावर ब्युटेनॉलचा थर ठेवून त्यावर हायड्रोजन क्लोराइडचे रेणू सोडले. हे वातावरणातल्या आम्लाच्या सूक्ष्म थेंबांचं प्रतिरूप आहे. अपेक्षा अशी की सेंद्रिय थर वायूला अडवेल. झालं उलटंच, हायड्रोजन क्लोराइड आणखी सहज आत गेला. चार कार्बनच्या साखळ्या आखूड आणि विरळ, त्यांच्यातून वाट मिळते; शिवाय ब्युटेनॉलचे OH गट पृष्ठभागावर येऊन बसतात आणि हायड्रोजन क्लोराइडला तिथल्या तिथे आयनांत मोडायला मदत करतात. सेंद्रिय थर दिसला की त्याला अडथळा म्हणायची घाई करू नये, तो दारही असू शकतो. नायट्रोजन पेंटॉक्साइडच्या बाबतीत मात्र त्याच गटाला ब्युटेनॉल आणि हेक्सेनॉलच्या थरांमुळे अभिक्रिया मंदावलेली दिसली. पृष्ठभाग तोच, थर तोच, वायू बदलला की निकाल बदलला.

आता धातूकडे.

तांब्यावरच्या थायोलचं काम लेबिनिस आणि व्हाइटसाइड्स यांनी १९९२ मध्ये छापलं, आणि तुमच्या सरांनी बहुधा तेच शिकवलं असणार. तिथे थर खरोखर ऑक्सिजनलाच मंदावतो. पण परिस्थिती बघा: ताजं तांबं, त्यावर गंधक थेट धातूशी बांधलेलं, साखळ्या दाटीवाटीने उभ्या, वर कोरडी हवा. काड्यापेटी ठासून भरलेली. साखळी लांब तितका वेग कमी, हे वरच्या ऊर्जेच्या हिशोबाशी जुळतंच. प्रयोगशाळेत हे उत्तम चालतं. दमट, खारट हवेत मात्र गंधकाचं टोकच हळूहळू ऑक्सिडाइज होतं, आणि बुंधा सुटला की साखळी लांब असून उपयोग नाही. माहीमच्या बाल्कनीत हा थर पावसाळा काढेल यावर मी पैसे लावणार नाही.

कारखान्यात तांब्यासाठी आम्ही वापरतो ते बेंझोट्रायझोल किंवा टोलिलट्रायझोल. ते रेणू उभ्या लांब साखळ्यांचे नाहीत, आखूड आणि चपटे आहेत. ते तांब्याच्या पृष्ठभागावरच्या क्युप्रस ऑक्साइडला धरून तांब्याच्या आयनांसह एकमेकांत गुंफलेली जाळी तयार करतात. म्हणजे त्या थरात अर्धा वाटा तांब्याचाच असतो. जाडी काही नॅनोमीटर. या थराची मोठी शत्रू मोकळी क्लोरीन. कूलिंग टॉवरमध्ये शेवाळ येऊ नये म्हणून क्लोरीन टाकली जाते, आणि ती ट्रायझोलवरही हल्ला करते. म्हणून मी या दोन्हींच्या डोसांमध्ये वेळेचं अंतर ठेवायला सांगते, आणि परतीच्या पाण्याच्या पाइपमध्ये तांब्याचं कूपन, म्हणजे तपासणीची छोटी पट्टी, टांगून ठेवते. कूपन काढलं की वजन नंतर, आधी रंग बघायचा. चमकदार गुलाबी असेल तर थर जिवंत आहे.

लोखंडाचं सगळ्यांत बोलकं उदाहरण बॉयलरच्या परतीच्या वाफेच्या पाण्याचं, ज्याला आमच्याकडे सगळे कंडेन्सेटच म्हणतात. बॉयलरमध्ये पाण्यातले बायकार्बोनेट फुटतात, कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर जातो आणि वाफ थंड होते तिथे कार्बोनिक आम्ल बनून पाइपच्या तळाला खाचा पाडतो. यावर एक उपाय म्हणजे मॉर्फोलीनसारखा अमाइन टाकून आम्ल मारणं. दुसरा, ऑक्टाडेसिल अमाइन. हा आम्ल मारत बसत नाही. त्याचं डोकं लोखंडाला चिकटतं, अठरा कार्बनची शेपटी पाण्याकडे राहते, आणि पृष्ठभाग पाण्याला नकोसा होतो. शटडाऊनमध्ये पाइपचा तुकडा कापून घेतला आणि त्यावर पाणी शिंपडलं, तर थर असलेल्या जागी थेंब अळवावरच्यासारखे गोल उभे राहतात, नसलेल्या जागी पाणी पसरतं. महागड्या यंत्राशिवाय करता येणारी ही सगळ्यांत भरवशाची तपासणी. मात्र उत्साहाच्या भरात डोस वाढवला की हाच अमाइन पाइपमधला जुना गंज सोडवतो आणि त्याच्याशी मिसळून काळे तेलकट गोळे बनवतो. ते स्टीम ट्रॅपमध्ये (वाफ अडवून पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेत) अडकले की मग मेंटेनन्सवाल्यांची बोलणी खावी लागतात. जुन्या लाइनवर हळू सुरुवात करायची, हे लिहून ठेवण्यासारखं.

या थराने नक्की काय अडवलं? ऑक्सिजन? फारसा नाही. तेलासारख्या पदार्थात ऑक्सिजन पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त विरघळतो, त्यामुळे सैल हायड्रोकार्बनच्या थरातून तो सहज जातो. अडले ते आयन, आणि हटलं ते पाणी.

तुमच्या कोड्याची किल्ली मला इथेच वाटते. गंज ही विद्युतरासायनिक गोष्ट आहे. एका जागी लोखंड इलेक्ट्रॉन सोडतं, दुसऱ्या जागी ऑक्सिजन आणि पाणी ते घेतात, आणि या दोन जागांमध्ये मंडल पूर्ण व्हायला पाण्यातून आयन फिरावे लागतात. इलेक्ट्रॉन धातूतून कसेही जातात. आयनांची वाट बंद केली की मंडल तुटलं, मग ऑक्सिजन कितीही येवो. आणि आयनाला तेलकट थरातून जाणं महाकठीण असतं, कारण त्याच्याभोवतीचं पाण्याचं कवच उतरवावं लागतं. याचा जिवंत पुरावा आपल्या प्रत्येक पेशीभोवती आहे. चार-पाच नॅनोमीटरच्या स्निग्ध दुपदरी पटलातून पाणी सेकंदाला सेंटिमीटरच्या सुमारे हजाराव्या भागाच्या वेगाने जातं, तर सोडियम आयन त्याच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेगाने. जाडी दोघांसाठी तीच.

१९५०च्या सुमारास केंब्रिजमध्ये मेन यांनी रंगाच्या थरांवर हाच हिशोब केला. त्यांना आढळलं की रंगाच्या थरातून पाणी आणि ऑक्सिजन इतक्या प्रमाणात जातात की उघड्या पोलादाला गंजायला तेवढे पुरावेत. तरी रंगवलेलं पोलाद गंजत नाही. म्हणजे रंग वाचवतो तो मुख्यतः आयनांना विरोध करून आणि पृष्ठभागाला चिकटून राहून. हे कळल्यावर तुमचं कोडं उलटं होतं: ग्रिलच्या रंगाने ऑक्सिजन अडवलाच नव्हता, कधीच. तो आयन अडवत होता. मग आयन कुठून शिरले?

बहुतेक वेळा ते शिरलेच नाहीत. ते आधीपासून आत होते.

रंगारी येतो, तारेच्या ब्रशने गंज खरवडतो, फडक्याने पुसतो, रेड ऑक्साइड मारतो आणि वर ऑइल पेंट. समुद्राच्या वाऱ्याने आलेलं मीठ गंजाच्या खळग्यांत बसलेलं असतं. ब्रशने ते निघत नाही, उलट आत दाबलं जातं. मग त्यावर रंग बसतो. आता रंगातून पाणी तर जातंच. आत मीठ असल्यामुळे ते मिठाकडे खेचलं जातं, परासरणाच्या (ऑस्मोसिसच्या) दाबाने रंग फुगतो, चिकटलेपण सुटतं आणि आत खाऱ्या पाण्याचा छोटा डबका तयार होतो. साधं मीठ ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर स्वतःहून पाणी शोषून ओलं होतं, आणि मुंबईत पावसाळ्यात हवा त्याच्या वरच असते. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढायला लागतं. म्हणजे कोरड्या वाटणाऱ्या जानेवारीतही तुमच्या ग्रिलवरचं मीठ पूर्ण सुकलेलं नसतं. जहाजांच्या टाक्यांना रंग लावताना पृष्ठभागावरचं विद्राव्य मीठ चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमच्या आत असावं, असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा दंडक आहे. तुमच्या खिडकीवर ते कुणी मोजतं का?

दुसरी वाट कडा. ओला रंग पृष्ठताणामुळे टोकदार कडेवरून मागे सरतो, म्हणून चौकोनी गजाच्या कडेवर सरासरी शंभर मायक्रॉन असताना प्रत्यक्षात वीसही नसतील. वेल्डिंगचे खडबडीत टाके आणि गज जिथे चौकटीत किंवा भिंतीत घुसतो ती खाच, इथेही तेच. पाणी साचतं तेही तिथेच. ओघळ कुठून सुरू होतो ते नीट बघा. सपाट भागातून तो निघताना मी क्वचितच पाहिलाय.

म्हणून ग्रिलसाठी माझा सल्ला साधा आहे. खरवडण्याआधी नळाच्या पाण्याने धुवा, खरवडल्यावर पुन्हा धुवा, पूर्ण सुकवा. रेड ऑक्साइडऐवजी झिंक फॉस्फेटचा प्रायमर घ्या, जमलं तर दोन भागांचा इपॉक्सी. कडा, टाके आणि खाचा यांना आधी ब्रशने स्वतंत्र हात मारा, मग सगळीकडे. इपॉक्सी उन्हात पांढुरका होऊन भुकटी सोडतो, म्हणून वर पॉलियुरेथेनचा हात. काम पावसाळ्याआधी घाईत उरकण्यापेक्षा दिवाळीनंतर काढा; धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान तीन अंश वर असेल तेव्हाच रंग लावायचा असतो आणि मेच्या दमट संध्याकाळी ते सांभाळणं कठीण जातं. नवीन ग्रिल बसवणार असाल तर गॅल्व्हनाइज्ड घ्या. खर्च थोडा जास्त, कटकट बरीच कमी.

तांब्या-पितळेच्या शोभेच्या वस्तूंबद्दल शेवटी विचारलंय. घासून झाल्यावर उघड्या हाताने धरू नका. बोटांच्या ठशातही सेंद्रिय थर असतो, पण त्यात घामातलं मीठ आणि लॅक्टिक आम्लही असतं. दोन दिवसांत ठसा काळा उमटतो. स्वच्छ पुसून पातळ मेण चोळा आणि अधूनमधून पुन्हा चोळत राहा. लॅकर मारला आणि त्याला चीर गेली की चिरेखालून काळ्या रेघा पसरतात आणि मग सगळा लॅकर काढावा लागतो. मेणाचं तसं होत नाही. बेंझोट्रायझोल संग्रहालयांत कांस्यमूर्तींसाठी वापरतात, पण खाण्यापिण्याच्या भांड्यांना ते अजिबात लावायचं नाही. आणि तेला-तुपाचा हात लावून ठेवू नका. त्यातली स्निग्धाम्लं तांब्याशी साबण बनवतात आणि भांडं हिरवं पडतं. (स्वयंपाकाच्या पितळी भांड्यांना कल्हईच लागते, पण ती कथिलाची, म्हणजे या चर्चेच्या बाहेरची.)

प्रकल्प करायचा विचार असेल तर तुमच्या बाल्कनीइतकी चांगली प्रयोगशाळा विकत मिळणार नाही. एकाच पत्र्यातून कापलेल्या तांब्याच्या पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासा, अ‍ॅसिटोनने धुवा. काही कोऱ्या ठेवा. बाकीच्यांवर स्टिअरिक आम्ल, ओलेइक आम्ल, बेंझोट्रायझोल आणि बेंझोट्रायझोलवर मेण असे थर द्या. हातमोजे घालून. लावल्या दिवशीच प्रत्येक पट्टीवर पाण्याचा एक थेंब ठेवून बाजूने मोबाइलने फोटो काढा आणि स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पट्टीशी करते तो कोन, मोजा, नंतर दर पंधरवड्याला तेच करा. कॉलेजमध्ये इम्पिडन्स मोजण्याची सोय असेल तर मिठाच्या पाण्यात पट्टी बुडवून तिचा विरोध बघा. आयनांबद्दल मी वर जे म्हटलं ते तिथे आकड्यांत दिसेल. एक संच पाऊस थेट लागेल असा टांगा आणि एक छज्जाखाली, पाऊस न लागणारा. छज्जाखालच्या पट्ट्या जास्त खराब झाल्या तर गोंधळू नका: बाहेरच्या पट्ट्यांवरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, आतल्यांवरचं साचत राहतं. दोन्ही संचांचं मीठ वेगवेगळ्या शुद्ध पाण्यात धुऊन त्याची वाहकता मोजलीत की फरक सिद्ध करता येईल.